भांड्याला भांडं

नृसिंहवाडीत एखाद्याने "तुमच्याकडे मोठं भांडं आहे का हो?" असं विचारलं तर त्याचा अर्थ एकच होतो. घरी पाहुणे आले आहेत आणि बासुंदी आटवायची आहे. म्हणून दत्तजयंतीच्या दुसऱ्या दिवशी, अमेरिकेहून आलेल्या आमच्या भाच्याने स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून "मामी, तुमच्याकडे वीसेक लिटरचं भांडं आहे का?" असं विचारलं, तेव्हा आमच्या सौभाग्यवतीचा चेहरा उजळला. पोरगं सातासमुद्रापार राहूनही वाडीची बासुंदी विसरलेलं नाही, असं तिला वाटलं.

"आहे की! केवढी करायची?"

"करायची नाही काही. नुसतं बघायचंय. मी तिकडे घरी बिअर करतो ना, तिच्या भांड्याचा विचार चाललाय."

हिच्या हातातलं उलथनं कढईत पडलं.

आमचं घर देवळापासून फार तर दोनशे पावलांवर आहे. पहाटे काकडआरती ऐकत उठायचं आणि रात्री शेजारती झाली की झोपायचं, असा तीन पिढ्यांचा शिरस्ता. या घरात 'बिअर' हा शब्द मोठ्याने उच्चारला गेल्याची ही पहिलीच वेळ असावी. मी घाईघाईने उठून खिडकी लावली. खिडकीपलीकडे शेजारच्या पुजाऱ्यांचं सोवळं वाळत होतं.

भाचा असतो मिलवॉकीला. ते गाव म्हणे बिअरसाठी प्रसिद्ध आहे, जसं आपलं कोल्हापूर गुळासाठी. तिथे घरोघरी माणसं हौसेने बिअर करतात आणि सरकार त्यांना काही म्हणत नाही. १९७८ साली कार्टरसाहेबांनी तसल्या कायद्यावर सही केली. घरात दोन मोठी माणसं असतील तर वर्षाला २०० गॅलन, म्हणजे साधारण साडेसातशे लिटर बिनकराची करायला मुभा. हिने साडेसातशेला हंड्याच्या मापाने भागून पाहिलं आणि "रोज दोन लिटर! मग कामाला कधी जातात?" एवढंच विचारलं.

मी चौतीस वर्षं बँकेत कारकुनी केलेली. कायद्याचं नाव काढलं की माझा उजवा हात आपोआप सही करायला सरसावतो. मी भाच्याला सांगितलं, "हे बघ, आपल्याकडे १९४९ चा दारूबंदी कायदा आहे. परवान्याशिवाय घरी बिअर केली तर आपल्याला भुपाळ्या जेलमध्ये म्हणाव्या लागतील."

"मामा, करायची नाहीच हो इथे. प्रश्न फक्त भांड्याचा आहे."

आणि त्याच्या दृष्टीने प्रश्न खरोखरच फक्त भांड्याचा होता. पाणी, जव, यीस्ट हे सगळं दुकानात मिळतं म्हणे. पण पहिलं आंबवण ज्यात होतं ते भांडं कसलं घ्यायचं, यावर हा मुलगा दोन महिने अडला होता. इतका विचार त्याने मुलगी बघताना केला असता तर आज ताईला नातवंडं असती. प्लास्टिकची बादली स्वस्त आणि हलकी, पण आतून चरा पडला की त्या चऱ्यात नको ते जंतू घर करतात, कितीही धुवा. काचेच्या मोठ्या फुग्यात आतली गंमत दिसते, चरे पडत नाहीत. पण भरला की तो दोन माणसांना ऐकत नाही, आणि ओल्या हातातून निसटला तर पाय कापतो. शिवाय त्याचं तोंड अरुंद, आत हात जात नाही. स्टीलचं सगळ्यात उत्तम, पण किंमत ऐकून घाम फुटतो. आणि कसलंही घेतलं तरी वर मोकळी जागा ठेवावी लागते. नाहीतर फेस वर चढून झाकण उडवतो.

ही पोळ्या लाटता लाटता ऐकत होती. म्हणाली, "डोशाचं पीठ काठोकाठ भरू नये, भांडं रुंद तोंडाचं घ्यावं आणि आंबट पितळेत ठेवू नये. हे आईने मला सातव्या वर्षी सांगितलं. तुला दोन महिने लागले?"

भाचा गप्प झाला. अमेरिकेत एवढी वर्षं काढलेला माणूस गप्प झालेला मी प्रथमच पाहिला.

संध्याकाळी वैद्यबुवा आले. वय एक्याऐंशी, पण अजून काठी फक्त कुत्र्यांसाठी बाळगतात. त्यांना विषय कळू द्यायचा नाही असं आमचं ठरलं होतं. भाच्याने तो पहिल्या मिनिटाला सांगितला. मी मान खाली घातली. वैद्यबुवा मात्र मांडीवर थाप मारून हसले. "अरे, मग हे संधान की! आम्ही जन्मभर काय केलं?"

मग त्यांनी जे सांगितलं ते ऐकून आमच्या घरातल्या अब्रूची सगळी मांडणीच बदलली. आसवं आणि अरिष्टं म्हणजे आंबवलेली औषधंच. काढा करून आंबवलं तर बहुधा अरिष्ट, न उकळता आंबवलं तर आसव. नावांत मात्र घोळ आहे, कारण द्राक्षासवालाही मनुकांचा काढाच करतात. त्यात गूळ घालायचा, धायटीची फुलं घालायची. या फुलांबरोबर आंबवणारे जीव आत जातात. मग भांडं बंद करून महिनाभर एका जागी ठेवायचं. गुळाचा मद्यार्क आपोआप तयार होतो. तोच औषध टिकवतो.

"किती होतो?" भाच्याने विचारलं.

"पाच ते दहा टक्क्यांच्या आसपास."

"म्हणजे बिअरपेक्षा कडक!" भाचा ओरडला. "मामी, तुम्ही कधी घेतलंय का असलं काही?"

ही काही बोलेना. कारण दोन्ही बाळंतपणांत माझ्या आईने हिला रोज दोन वेळा, जेवणानंतर, समोर उभं राहून दशमूलारिष्ट पाजलं होतं. आणि ते वैद्यबुवांच्याच घरचं होतं. एका वाक्यात या घरातल्या दोन सोज्वळ स्त्रियांच्या चारित्र्याचा असा निकाल लागला. मी आपला कायद्याचा आधार शोधू लागलो. नशिबाने तो सापडला: १९५१ साली बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मद्यार्क असलेल्या औषधांवरची मुंबई सरकारची बंदी टिकू दिली नव्हती. हे हिला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "सासूबाईंना कोर्टाला विचारावं लागलं नव्हतं."

जाता जाता वैद्यबुवा उंबऱ्यावर थांबले. "माझ्या चार बरण्या होत्या. २०१९ ला गेल्या."

यापुढे वाडीत कुणाला काही सांगावं लागत नाही. आमच्याकडे कृष्णा-पंचगंगेचं पाणी दरवर्षी येतं, ते हवंहवंसंच असतं. पादुकांवरून वाहून ते दक्षिणेच्या दाराने बाहेर पडू लागलं की लोक त्यात नाहायला धावतात. पण २००५ ला आणि २०१९ ला ते देवाला भेटून परत गेलं नाही, गल्लोगल्ली सगळ्यांना भेटत सुटलं. वैद्यबुवांच्या बरण्या त्यात कुठे गेल्या ते कर्नाटकातल्या लोकांना माहीत.

"एकदा द्राक्षासव करावं असं वाटतं," ते म्हणाले. "चारदोन जुने रोगी आहेत. पण भांडं नाही आणि वर उचलायला हात नाहीत."

भाचा चौथ्या दिवशी गेला. जाताना एक प्लास्टिकची वाकडी नळी देऊन गेला. झाकणाला भोक पाडून ती बसवायची आणि तिच्यात पाणी भरायचं. आतला वायू बुडबुडे काढत बाहेर पडतो, बाहेरची हवा आत शिरत नाही. हिने ती उलटसुलट करून पाहिली. "मोरीच्या पायपाला असतं तसलं वाकडं आहे हे." भाचा म्हणाला, "तत्त्व तेच, मामी." आणि मी, निवृत्तीनंतर सहा वर्षांत काहीही केलेलं नसल्यामुळे, वैद्यबुवांना शब्द देऊन बसलो की भांडं माझ्याकडून.

घरात भांडी नव्हती असं नाही. माळ्यावर तांब्याचा हंडा होता, पितळेची दोन पातेली होती, घंगाळ होतं. मी हंडा काढून चिंचेने घासायला बसलो. अर्धा घासल्यावर वैद्यबुवा आले. "यात आंबवशील तर सगळं कळकेल. रोगी बरा व्हायचा राहील, वर दुसरा रोग लागेल." कल्हई लावून घेतो म्हटलं, तर म्हणाले महिनाभर आंबट मुरणाऱ्या वस्तूला कल्हईचा भरवसा नाही. अर्धा लखलखीत आणि अर्धा काळा असा तो हंडा अजून तसाच आहे.

शास्त्रात मातीचं भांडं सांगितलं आहे. आतून तूप चोपडायचं, जटामांसी, अगरू, मिरी यांची धुरी द्यायची, पाऊण भरायचं, तोंड कपडमातीने लिंपायचं आणि धान्याच्या राशीत पुरायचं, म्हणजे थंडी-ऊन बाधत नाही. मी कुंभाराकडे गेलो. बोटाने टिचक्या मारून, कान लावून, गाण्यातलं कळत असल्यासारखा एक डेरा निवडला. "पाझरणार नाही ना?" मी विचारलं.

कुंभार माझ्याकडे बघतच राहिला. "सायेब, पाजरतंय म्हून तर पानी गार हुतंय. पाजरायचं न्हाई तर माट कशाला घ्याचा?"

याला उत्तर नव्हतं. तरी डेरा घेतला. पावशेर तूप आत जिरवलं, आणि ते तूप किती रुपयांचं होतं हे हिने तीन दिवस रोज सांगितलं. वैद्यबुवा म्हणाले, आधी नुसतं गुळाचं पाणी भरून परीक्षा घे. घेतली. संध्याकाळपर्यंत काही झालं नाही. सकाळी उठलो तर डेऱ्याच्या बुडापासून मोरीपर्यंत, मोरीतून भिंतीवर आणि भिंतीवरून थेट देवघरापर्यंत मुंग्यांची रांग. पौर्णिमेला दर्शनाला लागते तशी, शिस्तीत. डेरा नीट भाजलेला नव्हता की माझं तूप कमी पडलं, यावर वैद्यबुवांचं आणि कुंभाराचं एकमत झालं नाही. आता त्यात तुळस आहे.

प्लास्टिकचं पिंप होतं एक, पुराच्या वेळी मदतीतून आलेलं. त्यात आधी काय होतं ते देणाऱ्यालाच ठाऊक. झाकण उघडलं की अजून फिनेलसारखा वास येतो. काचेची मोठी बरणी जयसिंगपुरात मिळाली असती, पण बसमधून मांडीवर घेऊन यायच्या कल्पनेनेच माझे गुडघे दुखू लागले.

एव्हाना गावभर झालं होतं. आधी 'काका औषध करतायत', मग 'काका काहीतरी आंबवतायत', आणि कुरुंदवाडला पोचेपर्यंत 'अमेरिकेच्या भाच्याने काकांना भट्टी टाकून दिली.' पलीकडच्या आळीतला एक गृहस्थ, ज्याने मला आजवर कधी नमस्कार केला नव्हता, तो घरी आला आणि पोटावरून हात फिरवत म्हणाला, "काका, अलीकडे भूकच लागत नाही बघा." त्याच्या तोंडाला तेव्हा आमच्याकडचाच पेढा लागलेला होता. असे पाच जण आले. भांड्याचा पत्ता नव्हता आणि रोगी मात्र रांग लावून उभे.

आता घरात एकच भांडं उरलं होतं आणि त्याचं नाव मी मुद्दामच काढत नव्हतो.

आईची बरणी. चिनीमातीची, पांढऱ्या अंगाची, तपकिरी गळ्याची, माझ्या गुडघ्याच्या वर येणारी. आई लिंबाचं लोणचं घालायची ते सबंध वाड्याला पुरेल एवढं. ती २०१३ ला गेली. तिने घातलेल्या शेवटच्या लोणच्याच्या बाराच फोडी त्या अवाढव्य बरणीच्या तळाशी आहेत, काळ्याभोर. दर उन्हाळ्यात ही बरणी उघडते, वास घेते, स्वच्छ दादरा बांधते आणि पुन्हा ठेवून देते. पूर्वी तापात तोंडाला चव नसली की एखादी फोड मिळायची. अलीकडे तीही मिळत नाही. "एवढ्यासाठी कशाला? अजून काही झालेलं नाही तुम्हाला," असं ही म्हणते. २०१९ ला घर सोडायची वेळ आली तेव्हा मी बँकेची पासबुकं पिशवीत भरत होतो आणि ही माळ्यावर चढून बरणीचा दादरा घट्ट आहे का ते बघत होती. पाणी माळ्याच्या दोन पायऱ्या खाली थांबलं.

त्यामुळे त्या रात्री जेवताना मी फक्त एवढंच म्हणालो, "चिनीमाती आंबटाला उत्तम. वैद्यबुवांच्याही तसल्याच होत्या."

ही ताटातल्या भाताकडे बघत राहिली. मी विषय बदलला. कृष्णाकाठच्या वांग्यांवर बराच वेळ बोललो. तिने ऐकलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी झोपून उठलो तर बरणी ओट्यावर होती. शेजारी एका ताटलीत बारा फोडी मांडून ठेवलेल्या. "घ्या म्हणावं वैद्यबुवांना," ही पाठमोरी राहून म्हणाली. "रिकामी ठेवून काय करायचं? माणसांना औषध तरी होईल." मला एकदम वाटलं की नको. डेरा पुन्हा भाजून आणू, कायदा मोडू, पण हे नको. पण तसं बोलायला मी काही नाटकातला माणूस नव्हे. मी म्हणालो, "धुवायला गरम पाणी ठेवू का?"

वैद्यबुवा आले. बरणी रात्रभर पाण्याने भरून ठेवलेली होती. त्यांनी पाणी ओतलं, कंदील आणा म्हणाले, कंदील नव्हता म्हणून मोबाइलची बॅटरी दाखवली, आणि त्यांनी अख्खं डोकं बरणीत घातलं. आतून त्यांचा आवाज घुमला. "झिलईला बारीक तडे आहेत. खार आत मुरलाय." डोकं बाहेर काढून त्यांनी जिभेला बोट लावलं. "चाळीस-पन्नास वर्षांचं मीठ आहे हे. आंबवणारे जीव यात धड जगायचे नाहीत. ही लोणच्याची बरणी आहे, वहिनी. हिच्यात लोणचंच घाला."

खरं सांगायचं तर त्या तड्यांतून इतकं मीठ खरोखर उतरतं का, याची मला शंका आहे. मी ती बोलून दाखवली नाही. वैद्यबुवांनीही माझ्याकडे पाहायचं टाळलं.

बारा फोडींपैकी तीन आम्ही तिघांनी त्याच दिवशी मऊभाताबरोबर खाल्ल्या. उरलेल्या नऊ हिने पुन्हा तळाशी घातल्या आणि वर शंभर लिंबं चिरून नवं लोणचं घातलं. विरजणासारखं. बोटं आठ दिवस चरचरत होती, पण मला चिरू दिली नाहीत.

आणि भांडं? स्वयंपाकघरात दाराशी स्टीलचं वीस लिटरचं पिंप होतं. पाहुण्यांच्या पिण्याच्या पाण्याचं. भाचा चार दिवस त्यातूनच पाणी पीत होता आणि स्टीलच्या भांड्याची किंमत सांगत होता. हिने अट घातली: गुरुप्रतिपदेला पाहुणे येतील तेव्हा पिंप परत पाहिजे, आणि झाकणाला भोक पडणार नाही. त्यामुळे ती वाकडी नळी मिसळणाच्या डब्याशेजारी खिळ्याला टांगली गेली, ती अजून तिथेच आहे.

पिंपाला तुपाची गरज नव्हती, तरी वैद्यबुवांनी धुरी दिलीच. बारा लिटर काढा, पाच किलो काळसर गूळ, धायटीची फुलं, वेलदोडा, दालचिनी, नागकेशर, पिंपळी, वावडिंग. पिंप पाऊण भरलं. राशीत पुरायला आमच्याकडे धान्याची रास नाही. महिन्याचे गहू दहा किलो, त्यात फार तर वाटी पुरता येईल. म्हणून पिंपाला गोधडी गुंडाळली, वर माझी जुनी माकडटोपी घातली. पुजारीकाका डोकावून म्हणाले, "कोण आजारी आहे का?" झाकणाच्या कडेला कणीक लिंपली होती. ती रोज रात्री दोनअडीच वाजता फुस्स करून सुटायची. मी उठायचो, नवी कणीक लावायचो. आमची मुलं तान्ही असताना मी रात्रीचा कधी उठलो नव्हतो, याची आठवण ही अंथरुणातूनच करून द्यायची.

दिवसा मी पिंपाला कान लावून बसत असे. आत एक बारीक सळसळ चालते, लांबून घाटावरची गर्दी ऐकू यावी तशी. दर आठ दिवसांनी वैद्यबुवा यायचे, झाकण जरासं उचलून आत पेटती काडी धरायचे. काडी लगेच विझायची. "चालू आहे." काडी विझली की ते खूश व्हायचे. मला मात्र गुरुप्रतिपदा दिसायची. थंडीने काम रेंगाळलं होतं. भाच्याला फोनवर सांगितलं तर त्याने फॅरनहाइटमध्ये काहीतरी सल्ला दिला. मी आणखी एक गोधडी घातली.

गुरुप्रतिपदा चार दिवसांवर आली तेव्हा ही म्हणाली, "उद्या पिंप मोकळं पाहिजे." त्या दुपारी वैद्यबुवांनी काडी आत धरली. ती जळत राहिली. बोटाला चटका बसेपर्यंत त्यांनी ती सोडली नाही. मी कान लावला, आत काही हालचाल नव्हती.

धुतलेल्या पातळ सुती धोतरातून गाळलं. मिळतील त्या बाटल्यांत भरलं, आणि त्या बाटल्यांवर पूर्वीची काय काय नावं होती ते इथे लिहीत नाही. वैद्यबुवांनी तीन वाट्यांत दोन-दोन चमचे ओतलं, तेवढंच पाणी घातलं. त्यांनी घेतलं, डोळे मिटले. मी घेतलं. गोड, तुरट, आणि गळ्याशी किंचित ऊब.

हिने वाटी बराच वेळ हातात धरली. मग एका घोटात संपवली, तोंड पुसलं आणि म्हणाली, "सासूबाई द्यायच्या ते जास्त कडक होतं."

वैद्यबुवा बाटल्यांची बुचं मोजू लागले.